हाताचे शिक्षण



या व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र मला आले, तेव्हा मी ते दोनदा वाचले. पत्ता चुकला असावा अशी मला शंका आली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची जी प्रथा घातली, तिच्यात बोलावयाचे ते विद्वानांनी, आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत सतरंजीवर बसून ऐकावयाचे, अशीच माझी समजूत आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कुंडलिकेच्या या काठावरच्या वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि गेटसभांतून झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पुस्तकी बांधणी नसेल, ती आपण सांभाळून घ्यावी.

मी कामगार संघटनेवर बोलेन असे आपणांपैकी पुष्कळांनी गृहीत धरले असेल. मी बोलणार आहे ते एका अभ्यासक्रमाविषयी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी एका तंत्रशाळेत नाव घातले. दर शनिवारी आणि रविवारी, असे बारा आठवडे. विषय यंत्ररचना आणि निर्मिती. म्हणजे एखादी वस्तू मनात आणावयाची, कागदावर काढावयाची, आणि स्वतःच्या हाताने बनवून चालवून दाखवावयाची. वर्गात आम्ही अठरा जण होतो. सतरा जण वीस-बावीस वर्षांचे; अठरावा मी. पहिल्या दिवशी पोरांनी मला शिक्षक समजून उठून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून 'काका, तुमची कानस देता का?' असे विचारू लागली.

या वयात ही उठाठेव कशाला, असे घरच्यांनी विचारले, संघटनेतल्या मित्रांनीही विचारले. त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. म्हणून आधी ते सांगतो.

२००९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या संघटनेचा एक सभासद एका डाळमिलमध्ये कामाला होता. मिलचे नाव घेत नाही. तिचा मालकही आता बदलला आहे. डाळमिलमध्ये माल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी स्क्रू कन्व्हेयर असतो, तो आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. लांबट पन्हाळीसारखी पत्र्याची पेटी, तिच्यात मळसूत्रासारखी पाती असलेला दांडा फिरतो, आणि टरफल-चुरी पुढे ढकलली जाते. त्या पेटीवर झाकण होते आणि ते आठ नटांनी आवळलेले होते. अपघात झाला त्या दिवशी झाकण पेटीवर नव्हते, भिंतीला टेकवून ठेवलेले होते. अडकलेली चुरी काढावयास त्याने हात घातला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली.

मी दवाखान्यात गेलो. तो गुंगीत होता. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, 'भाऊ, तोंड भरतं हो. तोंड भरतं.' मला वाटले, तो बरळतो आहे. मी त्याच्या तोंडाला पाणी लावले.

पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न आला. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती २० टक्के कमी झाली आणि तीन गेली तर ३० टक्के, असे धरलेले होते. ते मला पाठ होते. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक अपवादही होता. सुरक्षिततेसाठी बसविलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले असेल, आणि इजा मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आणणारी नसेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. मालकाच्या वकिलाने झाकणाचे छायाचित्र पुढे ठेवले. झाकण होते, नट होते, ते कामगाराने स्वतः काढले, हे कामगारालाही कबूल होते. त्या वकिलाने मला विचारले, 'यात यंत्राचा दोष काय, तो सांगा.' मला सांगता आला नाही. वीस वर्षे मी यंत्रांच्या मध्ये वावरलो होतो. पण यंत्राचा नकाशा माझ्यापुढे ठेवला असता तर तो उलटा आहे की सुलटा हेही मला समजले नसते. अखेर मालकाने 'माणुसकी म्हणून' दिलेल्या रकमेवर मी त्याला सही करावयास सांगितले. त्याने डाव्या हाताने अंगठा उठविला. वास्तविक त्याला सही येत होती. ती उजव्या हाताची होती.

ती गोष्ट माझ्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिली. म्हणून मी त्या तंत्रशाळेत गेलो.

आता तिथे काय शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिल्या आठवड्यात आमच्या हाती लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आला आणि सांगण्यात आले की कानशीने घासून याच्या सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात करा. मी मनात म्हटले, हे काय शिकणे? पण गुण्या लावून उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसावयाचा. एक कड उंच म्हणून घासावी, तर दुसरी खाली जाई. दोन दिवसांत माझा तुकडा ठरल्या मापापेक्षा २ मिलिमीटर लहान झाला, तरी काटकोनात आला नाही. सर म्हणाले, 'तुम्ही चूक दिसली की लगेच घासता. आधी मोजा, मग ठरवा, मग घासा.' हे वाक्य मी संघटनेच्या कचेरीत भिंतीवर लिहून ठेवले आहे. मागण्यांची यादी करतानाही आम्ही कित्येकदा न मोजता घासतच असतो.

दुसरी गोष्ट सूट किंवा टॉलरन्सची. १० मिलिमीटरच्या भोकात १० मिलिमीटरचा दांडा बसतो असे शाळेतले गणित सांगते. प्रत्यक्षात तो बसत नाही, किंवा बसला तर फिरत नाही. जगातली कोणतीही वस्तू नेमक्या मापाची बनत नसते. म्हणून नकाशावर मापाबरोबर हेही लिहावे लागते की किती कमी आणि किती जास्त चालेल. दांडा फिरवावयाचा असेल तर भोक किंचित मोठे. घट्ट बसवावयाचा असेल तर किंचित लहान. हे आधी ठरविले नाही, तर कारागीर आणि तपासनीस यांचे भांडण ठरलेलेच. आपल्या गावात भट्ट्यांमध्ये भंगार वितळते, त्यापासून बिलेट आणि बिलेटपासून सळई होते, आणि जालन्याची सळई दूरवर जाते. त्या सळईच्या वजनातही अमुक टक्के कमीजास्त चालेल असे प्रमाण ठरलेले असते. माणसाच्या हातून चूक होणारच, हे गृहीत धरून तिची मर्यादा आधी ठरवावी, या विचाराचा मला मोठा आदर वाटला. शिस्तभंगाच्या चौकशांतून हा विचार मला कधी भेटला नव्हता.

तिसरी गोष्ट, काढणारा आणि बनविणारा यांच्यातली. चौथ्या आठवड्यात मी एका पेटीचा नकाशा काढला. तो मला फार सुंदर वाटला. आतल्या कोपऱ्यात वेल्डिंग दाखविले होते. सरांनी तो पाहिला आणि एवढेच विचारले, 'काका, रॉड कुठून घालणार?' चारही बाजू बंद झाल्यावर त्या कोपऱ्यापर्यंत हात जाणेच शक्य नव्हते. दुसऱ्या एका मुलाने पत्रा आधी वाकविला आणि मग भोके पाडावयास घेतला. तो ड्रिलखाली बसेना. भोके आधी, वाकविणे नंतर, हे त्याला पत्र्याने शिकविले. कागदावर सगळ्याच गोष्टी एकदम असतात. कारखान्यात एकीनंतर दुसरी येते. ज्याने कधी हाताने काही बनविले नाही, त्याला ही क्रमाची गोष्ट सुचत नाही.

चौथी गोष्ट बिघडविण्याची. आम्हांला सांगितले होते की लोखंडाला हात लावण्यापूर्वी ती वस्तू पुठ्ठ्याची करून पाहा. मोठ्या माणसाला पुठ्ठा कापताना लाज वाटते. पण पुठ्ठ्यातली चूक पाच मिनिटांची असते, पत्र्यातली एका दिवसाची, आणि कारखान्यात बसविल्यानंतर कळलेली चूक कोणाच्या तरी हाताची असते. म्हणून चुका लवकर आणि स्वस्तात करून घ्याव्यात. आमच्या शाळांत चुकीला लाल शाईचा फुल्ला मिळतो; कार्यशाळेत चूक झालेला जॉब टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखविला जाई आणि तिच्यावर अर्धा तास चर्चा होई. ज्याचा जॉब असे त्याला प्रथम मेल्याहून मेल्यासारखे होई. पुढे पुढे पोरे आपणहून आपले बिघडलेले जॉब आणू लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शेवटच्या चार आठवड्यांत प्रत्येकाने स्वतःच्या निवडीची एक उपयोगी वस्तू बनवावयाची होती. मी काय निवडले असेल ते आपण ओळखलेच असेल. मी स्क्रू कन्व्हेयरचे झाकण निवडले.

प्रथम मी जुना हिशेब मांडला, तो २००९ सालीच मांडावयास हवा होता. आठ नट सोडून, चुरी काढून, पुन्हा आठ नट आवळावयास १५ मिनिटे लागतात. पावसाळ्यात माल दमट असला की एका पाळीत दहा वेळा तरी अडकतो. दहा गुणिले पंधरा म्हणजे १५० मिनिटे; आठ तासांच्या पाळीतले अडीच तास. आणि पोत्यांचा आकडा मात्र पूर्ण आठ तासांचा ठरलेला. याचा अर्थ असा की नियम पाळणारा माणूस तो आकडा पुरा करूच शकत नव्हता. झाकण काढून ठेवणे ही त्या माणसाची लहर नव्हती. त्या रचनेत आणि त्या आकड्यात ते आधीच लिहिलेले होते. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २१व्या कलमाने यंत्रांच्या धोक्याच्या भागांना आडोसा असावा असे सांगितले होते. आडोसा होता. पण काम करण्यासाठी जो काढावाच लागतो, त्याला आडोसा कसे म्हणावे? 'यात यंत्राचा दोष काय?' या प्रश्नाचे उत्तर चौथी-पाचवीच्या गुणाकारात होते, आणि ते मला सुचले नव्हते.

मी तडफेने कामाला लागलो. नट काढून टाकून झाकणाला बिजागऱ्या लावल्या. झाकण उघडताच मोटार बंद पडेल असा स्विच बसविला. पत्रा ३ मिलिमीटरचा घेतला, मजबूत असावे म्हणून. सरांनी एक खोट काढली : 'झाकण लावताच यंत्र आपोआप चालू झाले तर? दुसऱ्या कोणाचा हात पुढच्या बाजूला आत असेल.' ते खरे होते. तेव्हा झाकण लावल्यावरही वेगळे बटण दाबल्याशिवाय मोटार चालू होऊ नये अशी जोडणी केली. स्विच पडल्यानंतर दांडा किती फिरतो ते दहा वेळा मोजले. एक फेराही पुरा होत नव्हता. मी खूष झालो.

एका छोट्या डाळमिलच्या मालकाने ते आपल्याकडे लावून पाहण्यास परवानगी दिली, त्यांचा मी आभारी आहे. त्या यंत्रावर चाळिशीच्या एक बाई काम करीत. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा माझे झाकण एका विटेवर टेकवून उघडे ठेवलेले होते, आणि स्विच सुतळीने बांधून टाकलेला होता.

मला राग आला. खरे सांगतो, तो वकील जे बोलला होता तेच शब्द माझ्या ओठांवर आले. मी म्हटले, 'ताई, तुमच्याच हातासाठी केलंय ना हे?'

त्या म्हणाल्या, 'दादा, एकदा उचलून तर बघा.' मी उचलले. १ मीटर २० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड. हिशेब केला तर सव्वाअकरा किलो भरते. ते एका हाताने उचलावयाचे, आणि दुसऱ्या हाताने चुरी काढावयाची. दिवसातून दहा वेळा. शिवाय झाकण लावल्यावर आत काय चालले आहे ते दिसत नाही. अडकले की नाही हे पाहण्यासाठीही उघडावे लागते, आणि उघडले की सगळा माल खोळंबतो. 'आन् मंग मालक वरडतात,' त्या म्हणाल्या.

मी त्यांना विचारले, 'मग काय करायला पाहिजे?'

आजवर शेकडो सभांतून मी कामगारांना प्रश्न विचारले आहेत. पण यंत्राविषयीचा हा प्रश्न मी कोणाही कामगाराला प्रथमच विचारीत होतो. माझी मागणी नेहमी मालकाकडे असे. आणि मालक यंत्र विकणाऱ्याकडे बोट दाखवी. यंत्रापुढे आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारावे, हे दोघांनाही सुचले नाही.

बाईंनी एका वाक्यात उत्तर दिले : 'तोंड मोठं करा की. तोंड भरतं म्हणून तर अडकतं.'

भगिनींनो आणि बंधूंनो, मी तिथेच पोत्यावर बसलो. सोळा वर्षांपूर्वी दवाखान्यात ऐकलेले ते शब्द होते. 'तोंड' म्हणजे कन्व्हेयरचे तोंड, जिथून माल खाली पडतो ते भोक. तो बरळत नव्हता. दोष काय आहे ते तो मला सांगत होता, आणि मी त्याच्या ओठांना पाणी लावीत होतो.

आम्ही पेटी उघडून पाहिली. तोंड लहान होते, ही एक गोष्ट. दुसरी अशी की स्क्रूची शेवटची पाती तोंडावरून पुढे चार बोटे गेलेली होती. म्हणजे जो माल तोंडातून पडत नसे, त्याला ती पाती पुढच्या भिंतीवर नेऊन दाबीत. दमट चुरी तिथे विटेसारखी घट्ट होई. आम्ही शेवटचे पाते तोंडाच्या वरच संपेल असे कापले आणि तोंड रुंद केले. दिवसातून दहा वेळा अडकणारे यंत्र दोनतीनदा अडकू लागले. मग झाकणाचा विचार पुन्हा केला. सगळे झाकण उघडण्याची गरजच नव्हती. लांबीचा भाग कायमचा बंद केला आणि तोंडाजवळ ४० सेंटिमीटरचे लहानसे दार ठेवले. पत्रा १.६ मिलिमीटरचा, वजन दोन किलो. त्यात बोट जाणार नाही अशी बारीक जाळी बसविली, म्हणजे न उघडता आत दिसते. स्विच आतल्या बाजूला नेला. पुढे दोन महिन्यांनी मी न सांगता जाऊन आलो. दार बंद होते. सुतळी कोणी बांधली नव्हती, कारण बांधण्याची कोणाला गरज उरली नव्हती.

हे सारे यंत्र काही नवीन नाही. कोणाही जाणत्या इंजिनिअरला हे हसण्यासारखे वाटेल. पण मला जे शिकावयाचे होते ते मी यातून शिकलो. कामगाराच्या सुरक्षिततेचा पहिला प्रश्न 'झाकण कुठे आहे?' हा नसून 'हात आत का घालावा लागतो?' हा आहे. आणि त्याचे उत्तर ज्याचा हात आत जातो, त्याच्यापाशी पुष्कळदा आधीच असते. मात्र ते नकाशात उतरविणारा, मोजणारा, बनवून पाहणारा कोणी तरी लागतो. बाईंचे ज्ञान आणि सरांचे ज्ञान, या दोहोंच्या मध्ये जी भिंत आहे, तीच आपल्या देशाची जुनी भिंत आहे. हाताने काम करणारा एका बाजूला. डोक्याने करणारा दुसऱ्या बाजूला.

ही भिंत पाडण्याचे प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हावयाचे होते. रंगांधत्वामुळे ते सोडावे लागले, म्हणून ते यंत्रांचे रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले. पुढे त्यांनी बेळगावला लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले सहा नांगर विकावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. वस्तू बनविणे हे अर्धे काम. वापरणाऱ्याच्या मनातली शंका समजून घेणे हे उरलेले अर्धे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद भरविली आणि हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला. तो 'नई तालीम' या नावाने आपणांस ठाऊक आहे.

आणि आमच्या काळातले उदाहरण पाबळचे आहे. मी मुद्दाम तिथे जाऊन आलो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातले हे गाव, आपल्या मराठवाड्यासारखेच अवर्षणाचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट मिळविलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी जागा सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई पाबळला आले, आणि १९८३ साली त्यांनी तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले तिथे एक वर्ष राहतात आणि लोहारकाम-बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य अशी चारही अंगांची कामे शिकतात. शिकता शिकता गावाची कामे करतात आणि त्याचे पैसे घेतात. वेल्डिंग सरावासाठी करून फेकून द्यावयाचे नाही. कोणाचे तरी फाटक करावयाचे, म्हणजे ते मोडले तर गावकरी दारात येतो. हा परीक्षक कोणत्याही मंडळाच्या परीक्षकाहून कडक असतो. याच पद्धतीचा मूलभूत तंत्रज्ञान हा विषय महाराष्ट्रातल्या कित्येक माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीला शिकविला गेला.

डॉ. कलबाग २००३ साली गेले. त्याच्या आदल्या वर्षी पाबळला एक नव्या तऱ्हेची कार्यशाळा सुरू झाली होती. तिचे मूळ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेत आहे. तिथे १९९८ साली नील गर्शेनफेल्ड या प्राध्यापकांनी 'जवळजवळ काहीही कसे बनवावे' अशा नावाचा वर्ग काढला. दहाएक विद्यार्थी येतील असे त्यांना वाटले होते. आले शंभराच्या आसपास. जगातल्या त्या सर्वांत पुढारलेल्या संस्थेतली मुलेही स्वतःच्या हाताने काही बनविण्यासाठी आसुसलेली होती! त्या वर्गातून ज्या कार्यशाळा निघाल्या, त्यांतली अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक पाबळला आली. मॅसॅच्युसेट्सचा वर्ग आणि नापास मुलांचे पाबळ यांना एकच गरज जाणवली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता आपल्या गावाकडे येऊ. 'जालना सोने का पालना' असे आपण अभिमानाने म्हणतो. इथे पोलाद आहे, बियाण्यांचा धंदा आहे, डाळमिल आहेत, जिनिंग आहे. हजारो हात रोज यंत्रांवर आहेत. मग त्या हातांना जे ठाऊक आहे ते उतरवून घेणारी एक तरी जागा या गावात असावी की नको? मला तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, ज्या शाळांतून आणि तंत्रशाळांतून लेथ, ड्रिल, वेल्डिंगची साधने आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी ती गावासाठी उघडी ठेवावीत. शिक्षकाच्या देखरेखीखाली कामगाराने, शेतकऱ्याने, गृहिणीनेही आपली अडचण घेऊन यावे. दुसरी, मालकांनी नवे यंत्र घेताना किंवा जुन्यात फेरफार करताना त्यावर काम करणाऱ्या दोघांना आधी विचारावे, आणि त्यांचे उत्तर लिहून ठेवावे. तिसरी आमच्या संघटनांसाठी : पगार आणि बोनस यांच्या मागण्या आम्ही करीतच राहू, पण कार्यकर्त्याला नकाशा वाचता आला पाहिजे. आम्ही आमच्या कचेरीत रविवारचा तसा वर्ग सुरू केला आहे. सध्या नऊ जण येतात. पहिला धडा कानशीचा आहे.

शेवटी एक सांगावयाचे राहिले. ते दार नीट चालू लागल्यावर मी त्या जुन्या सभासदाच्या घरी गेलो. तो आता भाजीचा गाडा लावतो. डाव्या हाताने तराजू धरतो. मी त्याच्यापुढे नकाशा पसरला आणि पाते कुठे कापले, तोंड किती रुंद केले, ते दाखविले. त्याने बराच वेळ पाहिले. मग उरलेल्या तीन बोटांनी त्या तोंडावर टेकवून म्हणाला, 'हेच तर म्हणत होतो ना भाऊ मी. तुम्ही लिहून नाही घेतलं.'

मी म्हटले, 'मला लिहिता येत नव्हतं.'

तो म्हणाला, 'आता येतंय ना? मग बाकीच्यांचं लिवा.'

तेवढ्यासाठीच मी आज इथे उभा राहिलो.